जमिनीच्या पोटांतील प्रतिध्वनि

एकदां खणलेली जमीन पुन्हां पूर्ववत् होत नाहीं, हें शेतकऱ्याला किंवा विहीर खोदणाऱ्याला शिकवावें लागत नाहीं. निसर्गानें शेंकडों वर्षांत एकावर एक रचलेले मातीचे थर कुदळीच्या घावासरशीं मोडतात; वरची माती खालीं जाते, खालचा मुरूम वर येतो, आणि खड्डा बुजविल्यावरही आंतली भर सैलच राहते. तिच्यावर गवत उगवेल, झाडें वाढतील, रस्ताही होईल. पण पोटांतली मोडतोड पुष्कळ काळ टिकते. गुपचूप पुरलेल्या माणसांचा ठाव लावण्याचें जें एक साधन गुन्ह्यांच्या शास्त्रीय तपासांत आतां रूढ झालें आहे, तें सारें या साध्या गोष्टीवर उभें आहे. त्याला भूवेधी रडार म्हणतात.

रडार म्हटलें कीं विमानें आणि युद्धें डोळ्यांपुढें येतात. येथें मात्र यंत्राचें तोंड आकाशाकडे नसून जमिनीकडे असतें. बाबागाडीएवढी एक ढकलगाडी, तिच्या तळाशीं लहरी सोडणारा प्रेषक आणि परतलेल्या लहरी झेलणारा ग्राहक, व वर एक पडदा, एवढाच त्याचा थाट. लहरी त्याच जातीच्या, ज्यांवर स्वार होऊन आकाशवाणीचे कार्यक्रम घरोघरीं येतात. एफ. एम. केंद्रें सुमारें १०० मेगाहर्ट्झवर बोलतात. कबरींच्या शोधांत बहुधा २५० ते ५०० मेगाहर्ट्झच्या लहरी योजतात. कंपनसंख्या वाढविली तर बारकावे अधिक दिसतात, पण लहर खोल जात नाहीं. कमी केली तर ती खोल जाते, पण लहानसहान वस्तु निसटतात. पुरलेला मनुष्य बहुतेक वेळां एकदोन मीटरांच्या आंतच असतो, म्हणून हा मधला मार्ग.

हवेंत ही लहर एका नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत, सुमारें ३० सेंटिमीटर जाते. मातींत शिरतांच तिचा वेग साधारण एक तृतीयांशावर येतो. कोरडी माती संपून ओली लागली, दगड लागला, पोकळी लागली, कीं त्या सीमेवरून तिचा कांहीं अंश मागें फिरतो. जाऊनयेऊन २० नॅनोसेकंद लागले, तर ती सीमा सुमारें एक मीटर खालीं आहे, असा हा हिशेब. गाडी एखाद्या दगडाकडे येत असतां अंतर घटतें, ओलांडून गेली कीं वाढतें. त्यामुळें पडद्यावर दगड दगडासारखा न दिसतां कमानीसारखा उमटतो. म्हणून शोधक दोऱ्या ताणून पाव किंवा अर्ध्या मीटरावर समांतर रेघा आंखतात, प्रत्येक रेघेवरून गाडी सावकाश नेतात, आणि अशा शेंकडों कमानी व तुटलेले थर एकत्र मांडून जमिनीचा नकाशा तयार करतात.

या सर्वांत हाडें कोठें दिसतात? बहुधा तीं दिसतच नाहींत. हाडांत आणि भोंवतालच्या मातींत लहरीला जाणवेल असा भेद फारच थोडा असतो. दिसते ती खड्ड्याची कड, आंतली सैल, जास्त ओल धरणारी भर, आणि शवपेटी शाबूत असली तर तिची पोकळी. त्यांतही सर्व जमिनी सारख्या नाहींत. चिकण माती आणि खारें पाणी हे या लहरींचे वैरी होत. दख्खनच्या काळ्या जमिनींत, विशेषतः ती भिजलेली असतां, लहर थोडक्यांतच विरून जाते. कोरड्या वाळूंत तीच कित्येक मीटर उतरते.

अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत मारिआना नांवाच्या गांवीं १९०० सालीं मुलांसाठीं एक सुधारगृह निघालें. तें २०११ पर्यंत चाललें. तेथील मारहाणीच्या कहाण्या जुन्या विद्यार्थ्यांनीं म्हातारपणीं उघड सांगितल्या. वर्णभेदाच्या काळांत कृष्णवर्णीय मुलांना ज्या बाजूला ठेवीत, त्या बाजूच्या एका टेकाडावर नळ्यांचे ३१ पांढरे क्रूस उभे होते, आणि राज्याच्या पोलिस चौकशींतही ३१ हाच आंकडा धरला गेला. कोणत्या क्रूसाखालीं कोण, हें मात्र कोणालाच सांगतां येईना. २०१२ मध्यें दक्षिण फ्लॉरिडा विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञ एरिन किमर्ली यांच्या तुकडीनें तेथें रडार फिरविलें, निवडक जागीं मातीचे थर उघडून तपासले, आणि निदान ५० खड्ड्यांच्या खुणा दाखविल्या. उत्खननाची परवानगी प्रथम नाकारण्यांत आली. २०१३ च्या ऑगस्टांत ती मिळाली. खणून झालें तेव्हां कबरी भरल्या ५५. त्यांपैकीं क्रूसांच्या आवारांत अवघ्या १३. बाकीच्या झाडींत, झुडपांत, एका वाटेखालीं. क्रूस मृतांच्या स्मरणार्थ लावले असतील, पण मृत कोठें आहेत हें ते सांगत नव्हते. शवपेट्यांचे खिळे व मुठी, कपड्यांचीं बटणें, आणि एका मुलाच्या खिशांतली गोटी, असें सामान मातींतून निघालें. हाडांतील डीएनए नातेवाइकांच्या डीएनएशीं ताडून पहिली ओळख २०१४ च्या ऑगस्टांत पटली. तो मुलगा जाऊन सत्तर वर्षें उलटलीं होतीं. त्याची बहीण हयात होती. आईबाप वाट पाहून केव्हांच गेले होते.

याच आवारांत यंत्राची दुसरी बाजूही दिसली. २०१९ मध्यें जुन्या इंधनसांठ्याच्या जागेचें प्रदूषण काढणाऱ्या कंत्राटदारांनीं रडार फिरविलें, तेव्हां त्या टेकाडापासून थोड्या अंतरावर आणखी २७ संशयास्पद जागा उमटल्या. बातमी देशभर झाली, आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून 'शक्यता' हा शब्द लौकरच गळला. ज्यांचीं मुलें किंवा भाऊ त्या शाळेंतून परत आले नव्हते, अशा घरांनीं पुन्हां एकदां श्वास रोखला. किमर्ली यांच्या तुकडीनें त्या जागा खणून पाहिल्या. तेथें एकही कबर निघाली नाहीं. निघालीं तीं जुन्या झाडांचीं मुळें. कुजलेल्या मुळाभोंवतीं माती सैल होते, ओल धरते, आणि लहरीला तो खड्डाच भासतो. यंत्र खोटें बोललें नव्हतें. त्यानें जमीन मोडली आहे एवढेंच सांगितलें होतें, आणि कोणी मोडली हें त्याला विचारण्यांत अर्थ नव्हता.

म्हणूनच जाणते शोधक आपल्या अहवालांत 'कबर' हा शब्द लिहीत नाहींत, 'विसंगति' एवढाच लिहितात. नकाशावर त्या विसंगतीभोंवतीं वर्तुळ काढतात, जमिनीवर तेथें खुंट्या ठोकतात, आणि पुढचें काम लहान थापी व कुंचला घेऊन गुडघ्यांवर बसलेल्या माणसांकडे जातें. मातीचा रंग कोठें पालटतो हें पाहत ते बोटाबोटानें खालीं जातात. न्यायालयापुढें पुरावा म्हणून उभें राहतें तें त्यांच्या हातून निघालेलें.