मायक्रोकंट्रोलर-आधारित तापमान मापनातील विद्युत व्यत्यय व त्याचे निवारण : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तर १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढील काळात पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण या परिसरात वाहने व त्यांचे सुटे भाग बनविणारे उद्योग मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. उष्णोपचाराची भट्टी, इंजेक्शन मोल्डिंग यंत्र, रंग सुकविण्याची ओव्हन या सर्वांमध्ये तापमान हा निर्णायक घटक असतो. मायक्रोकंट्रोलर व संवेदक यांच्या साहाय्याने लघुउद्योजकास अल्प खर्चात तापमापक तयार करता येतो. मात्र प्रयोगशाळेत अचूक चालणारे उपकरण वेल्डिंग यंत्राशेजारी बसविताच अस्थिर आकडे दाखवू लागते. त्याची कारणे व उपाय यांची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

व्यत्ययाचे स्वरूप :
संवेदकाचा संदेश अत्यंत क्षीण असतो. एलएम ३५ हा संवेदक दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. के-प्रकारचे थर्मोकपल केवळ सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते. त्यामुळे बाहेरून मिसळणारा अल्प विद्युतदाबही मोठी चूक घडवितो. व्यत्ययाचे मुख्य स्रोत तीन आहेत :
१) शेजारच्या वीजतारांतून येणारा ५० हर्ट्झचा गुणगुणाट.
२) वेल्डिंग, कॉन्टॅक्टर व मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह यांपासून निघणारे तीव्र क्षणिक स्पंद.
३) सामायिक ग्राउंड तार. रिलेचा व संवेदकाचा परतीचा मार्ग एकच असेल आणि त्या तारेचा रोध ०.०५ ओहम असेल, तर १ अँपिअर प्रवाहामुळे ५० मिलिव्होल्ट, म्हणजेच एलएम ३५ च्या बाबतीत ५ अंशांची चूक होते.

जोडणीतील उपाय :
प्रथम व्यत्यय आत येऊ न देणे श्रेयस्कर ठरते. संवेदकाच्या तारांना पीळ द्यावा, त्यावर धातूचे आवरण असावे आणि ते आवरण एकाच टोकाला ग्राउंडशी जोडावे. या तारा वीजतारांपासून दूर ठेवाव्यात. ओलांडणे अपरिहार्य असल्यास काटकोनात ओलांडाव्यात. रिलेचा व संवेदकाचा परतीचा मार्ग स्वतंत्र ठेवावा. रिलेच्या कॉइलला समांतर डायोड लावावा. मायक्रोकंट्रोलरच्या प्रवेशापूर्वी १० किलोओहम रोध व १० मायक्रोफॅरड कपॅसिटर यांची गाळणी बसविल्यास ५० हर्ट्झचा व्यत्यय सुमारे ३१ पटींनी घटतो. तापमान सावकाश बदलत असल्याने ०.१ सेकंदाचा कालांक सहसा बाधक ठरत नाही.

प्रोग्राममधील उपाय :
५० हर्ट्झच्या एका आवर्तनास २० मिलिसेकंद लागतात. दर मिलिसेकंदाला एक याप्रमाणे २० वाचने घेऊन सरासरी काढल्यास धन व ऋण भाग परस्परांना छेदतात. याउलट दर सेकंदाला एकच वाचन घेतल्यास ते प्रत्येक वेळी आवर्तनाच्या जवळपास त्याच बिंदूवर पडते. वारंवारता नेमकी ५० नसल्याने ही चूक सावकाश वरखाली होते व तापमानच बदलत असल्याचा भास निर्माण होतो. क्षणिक स्पंदांसाठी सरासरी पुरेशी नाही, कारण एकच मोठा स्पंद सरासरी बिघडवितो. म्हणून अशा पाच सरासऱ्यांची मध्यगा घ्यावी.

मर्यादा :
गणिताने चंचलता कमी होते, स्थिर चूक नव्हे. सामायिक ग्राउंडमुळे सतत ५ अंश जादा दिसत असतील, तर सरासरीही ५ अंश जादाच येईल. तसेच गाळणीमुळे तुटलेल्या तारेचे लक्षण झाकले जाण्याचा धोका असतो. डीएस१८बी२० हा अंकीय संवेदक वीज सुरू होताना ८५ अंश हे मूल्य दाखवितो. ते खरे तापमान समजू नये. अशक्य मूल्य येताच हीटर बंद व्हावा आणि भट्टीला मायक्रोकंट्रोलरपासून स्वतंत्र असे तापमर्यादक साधन असावे. यंत्राजवळ काम करणाऱ्या कामगाराची सुरक्षितता एका आकड्यावर सोपविता येणार नाही.

निष्कर्ष :
जोडणीची शिस्त, विद्युत गाळणी व प्रोग्राममधील गणित हा उपायांचा क्रम असावा. पहिल्या पायरीची उणीव तिसरी पायरी भरून काढू शकत नाही. या उपायांना खर्च अल्प लागतो. आवश्यकता असते ती व्यत्ययाचा मार्ग नेमका ओळखण्याची.