आम्लराज आणि पाच मिलिग्रॅम सोने

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो असता एका मित्राने भंगारवाल्याकडून जुन्या मोबाईल-संगणकांच्या मदरबोर्डांचे पोते आणलेले पाहिले. "यात सोनं आहे, तेजाबात टाकलं की निघतं," असे तो मोठ्या उत्साहाने सांगत होता. आमचा खानापूर तालुका गलाईवाल्यांचा. विटा-आटपाडीकडील माणसे देशभर सोने-चांदी गाळण्याची दुकाने चालवितात. माझ्या चुलत्यांचा जन्म याच धंद्यात गेला. त्यांनी पोत्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "सोनं निघंल रं, पन बाकीचं कुटं ठिवशील?"

मी कला शाखेचा विद्यार्थी; तरी या प्रश्नापायी रसायनशास्त्राची पुस्तके चाळली. जे उमगले ते येथे मांडतो.

सोने हा मोठा मानी धातू. एकट्या नत्राम्लाला तो दाद देत नाही, एकट्या लवणाम्लालाही नाही. दोहोंच्या मिश्रणापुढे मात्र त्याचे काही चालत नाही. नत्राम्ल सोन्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन काढून घेते आणि लवणाम्लातील क्लोराईड त्यांना धरून द्रावणात ठेवते. धातूंच्या राजाला विरघळविणारे म्हणून हे मिश्रण 'आम्लराज'.

या आम्लराजाची एक कथा प्रसिद्ध आहे. १९४० साली जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले, तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फोन लाउए आणि जेम्स फ्रांक या शास्त्रज्ञांची नोबेल पदके ठेवलेली होती. ती नाझींच्या हाती पडू नयेत म्हणून जॉर्ज हेवेसी यांनी ती आम्लराजात विरघळविली. युद्ध संपल्यावर ती बाटली फळीवर तशीच सापडली. त्यातील सोने काढून पदके पुन्हा घडविण्यात आली. परंतु त्या बाटलीत जवळजवळ निव्वळ सोनेच गेले होते, हे विसरता कामा नये. गलाईवाल्याचेही तसेच. मुशीत काय पडले याचा त्याला अंदाज असतो.

मदरबोर्डाचे तसे नाही. त्यात सर्वांत अधिक धातू तांबे. शिवाय कथील, निकेल आणि जुन्या बोर्डांच्या डाकात शिसे. सोन्याचा मुलामा केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतका, कित्येकदा त्याहूनही पातळ. आम्ल आधी तांब्यावरच खर्ची पडते. तांबे उरले असेल तोवर विरघळलेले सोनेही पुन्हा खाली बसते. नत्राम्लात कथिलाचा पांढरट चिकट गाळ होतो आणि तो गाळणे जिकिरीचे ठरते.

पदरात किती पडते? टोकिओ ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने २०१७ ते २०१९ या काळात सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणे गोळा केली. त्यांत सुमारे ६२ लाख मोबाईल होते. सोने मिळाले ३२ किलो. ते सगळे मोबाईलमधूनच आले असे धरले, तरी एका मोबाईलमागे पाच मिलिग्रॅम होतात!

आणि एवढ्यासाठी धोका केवढा! आम्लाने कातडी भाजते, डोळे जातात, हे सर्वांना ठाऊक असते. खरा वैरी तो तांबूस धूर. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून तो घशाशी न थांबता थेट फुफ्फुसांच्या तळाशी जातो. माणूस घरी येतो, जेवतो, निजतो. आणि काही तासांनी त्याच्या फुफ्फुसांत पाणी भरू लागते. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवितो, वायू नव्हे.

शेवटी उरते ते हिरवे-निळे पाणी. चुना टाकला की आम्ल मरते, पण तांबे आणि शिसे मरत नाहीत; ती गाळात बसतात. तो गाळ ओढ्यात गेला की विहिरीत यावयास वेळ लागत नाही. चीनमधील ग्वियू या गावी असले उद्योग घरोघर चालत. तेथील मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

मग हे सोने मातीत घालावे काय? मुळीच नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या आपल्या ई-कचरा नियमांनुसार हे काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केलेल्या कारखान्यांनीच करावयाचे आहे. धूर धुण्याची आणि गाळ सांभाळण्याची सोय असेल, तेथेच हा व्यवहार शोभतो.

मित्राचे पोते अद्याप गोठ्यात पडून आहे. तेजाबाची बाटली मात्र त्याने आणलेली नाही. चुलत्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्याला अजून सापडावयाचे आहे.