उडत्या पक्ष्याच्या मानेतला पट्टा वाचायचाय? मग हे गणित बघा

मागच्या हिवाळ्यात पैठणला नाथसागराच्या काठावर उभा होतो. पट्टकादंबांचा थवा डोक्यावरून गेला आणि त्यातल्या एकाच्या मानेत रंगीत पट्टा दिसला. धडाधड वीस फोटो काढले. पडेगावला घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर काय, अक्षरांच्या जागी नुसता फराटा!

हळहळ का वाटली ते सांगतो. तो पट्टा म्हणजे पक्ष्याचं ओळखपत्र. पट्टकादंब हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात. मंगोलियात पट्टे घातलेले पक्षी भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. अक्षरं वाचता आली, तर हा पक्षी नेमका कुठला ते कळतं. नाही आली, तर हातात फक्त एक छान फोटो.

आता चुकलं कुठे ते बघू. माझा शटर स्पीड होता १/५०० सेकंद. पक्ष्याचा वेग ताशी ५४ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. १/५०० सेकंदात तो ३ सेंटीमीटर पुढे सरकतो. अक्षराची रेष असते काही मिलीमीटर जाडीची. मग ती पुसली जाणारच. १/२००० केलं तरी साडेसात मिलीमीटर सरकतो. म्हणजे नुसत्या शटरवर भागत नाही.

म्हणून पॅनिंग. पक्ष्यासोबत कॅमेरा त्याच वेगाने फिरवायचा. हात मागेपुढे होणारच. समजा दहा टक्के चुकला. तर १/५०० ला ३ मिलीमीटरचा फराटा उरतो, पण १/२००० ला एक मिलीमीटरपेक्षाही कमी. दोन्ही जमलं की अक्षर वाचता येतं. पंखांची टोकं थोडी धूसर आली तरी बिघडत नाही, आपल्याला मान हवी आहे.

पण शटर चौपट जलद केलं की प्रकाश चौथाई उरतो. तो भरून काढायला आयएसओ ४०० वरून १६०० वर न्या. फोटोत दाणे दिसतील, दिसू द्या. दाणे नंतर सॉफ्टवेअरने कमी होतात, पुसलेलं अक्षर परत येत नाही.

माझं सध्याचं सेटिंग असं:

- मॅन्युअल मोड, १/२०००, एफ ५.६ किंवा ६.३, ऑटो आयएसओ.
- एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +१. उजळ आकाश बघून कॅमेरा सगळंच गडद करतो आणि पक्षी काळा येतो, म्हणून. कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर आयएसओ हाताने वाढवा.
- फोकस सतत चालू राहणारा: निकॉन, सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्वो. मोकळ्या आकाशात फोकसचा भाग मोठा, मागे झाडं असतील तर लहान.
- बर्स्ट चालू, फाइल रॉ.

सरावाला पैठण कशाला? आमच्या गच्चीवरून घारी दिसतात. रोज पंधरा मिनिटं त्यांच्यामागे कॅमेरा फिरवतोय, हात बराच बसलाय.

आणि एक. फोटोसाठी थवा उठवू नका. एवढा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला विश्रांती हवी असते. पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात, म्हणून वारा आणि ऊन पाठीशी घेऊन गप्प उभं राहा. उडतील तेव्हा बहुतेक तुमच्याकडेच येतील.

पट्टा वाचता आलाच, तर रंग, अक्षरं, जागा, तारीख लिहून बीएनएचएसला कळवा.