औषध आणि पेशीचा स्निग्ध पडदा



2021 च्या उन्हाळ्यात 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत पोहोचला. कोरोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेही रोग्यांच्या नाकाडोळ्यांत म्युकरमायकोसिसची बुरशी शिरू लागली आणि ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक वणवण फिरले. ते बनविणाऱ्या देशातील मोजक्या कंपन्यांपैकी भारत सीरम्स ही एक. तिचा कारखाना आपल्या अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आहे. हे औषध करते तरी काय?

प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. तो मुख्यतः स्निग्ध द्रव्यांच्या दोन थरांचा बनलेला. त्याला बळकटी देण्यासाठी माणसाच्या पेशीत कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या पेशीत त्याच जागी एर्गोस्टेरॉल. दोन्ही एकाच कुळातली. रचनेत फरक अगदी थोडा. पण त्या थोड्या फरकावरच सारा उपचार उभा आहे.

ॲम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला अधिक घट्ट चिकटते. येथे नवा पदार्थ तयार होत नाही. एक रेणू दुसऱ्याला बिलगतो, एवढेच. तेवढ्याने पडद्याला छिद्रे पडून आतले पोटॅशियम झिरपू लागते. शिवाय स्पंजाने पाणी टिपावे तसे हे औषध पडद्यातील एर्गोस्टेरॉल ओढून घेते, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे. बुरशी मरते ती अशी.

परंतु हे औषध थोडेबहुत कोलेस्टेरॉललाही चिकटते. म्हणून ते 1950 च्या दशकात निघाले तेव्हापासून हुडहुडी, ताप आणि मूत्रपिंडांची हानी ही त्याच्या मागे लागलेली. यावर तोड सापडली ती स्निग्ध द्रव्यांतच! अशी द्रव्ये पाण्यात मिसळली की त्यांचे आपोआप सूक्ष्म, बंद फुगे बनतात, हे 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी दाखविले. हेच लायपोसोम. त्यांच्या भिंतीत औषध बसविले, की वाटेत मूत्रपिंडाला त्याची झळ कमी लागते. मात्र असे फुगे एकसारखे आणि निर्जंतुक बनविणे कौशल्याचे व खर्चाचे काम आहे. मागणी एकाएकी वाढली तेव्हा पुरवठा तितक्या लवकर वाढू शकला नाही, त्याचे हे एक कारण.

झळ कमी झाली तरी ती संपत नाही. म्हणून हे औषध चालू असता डॉक्टर रक्तातील क्रिएटिनीन व पोटॅशियम पुनःपुन्हा तपासावयास सांगतात. तो वायफळ खर्च समजू नये. मित्र आणि शत्रू यांत फरक इतका थोडा असला, म्हणजे पहारा डोळ्यांत तेल घालूनच करावा लागतो.