बारा पौंडी तोफेची ‘बेंगाल’

11 नोव्हेंबर 1942. हिंदी महासागरात, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, दुपारच्या सुमारास ‘एचएमआयएस बेंगाल’वरून क्षितिजावर एक मोठं जहाज दिसलं, पाठोपाठ दुसरं. ‘होकोकु मारू’ आणि ‘आइकोकु मारू’. दोन्ही जपानी, प्रत्येकी दहा हजार टनांच्या वरची. मूळची प्रवासी जहाजं, पण आता तोफा, पाणतीर आणि विमानं घेऊन व्यापारी जहाजांच्या शिकारीवर निघालेली.

‘बेंगाल’ जेमतेम साडेसहाशे टनांची, समुद्रातले सुरुंग काढण्यासाठी बांधलेली. मुख्य तोफ एकच, तीही बारा पौंडी. बाकी विमानांवर मारा करायच्या ऑर्लिकन तोफा. ती ज्याची राखण करत होती ते ‘ऑन्डिना’ हे डच तेलवाहू जहाज. त्याच्याकडे एक चार इंची तोफ आणि 32 गोळे.

‘बेंगाल’चे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांनी ‘ऑन्डिना’ला निसटायला सांगितलं आणि ‘बेंगाल’ सरळ शत्रूच्या अंगावर घातली. ‘ऑन्डिना’ही पळाली नाही, तिनेही तोफ डागायला सुरुवात केली. एक गोळा ‘होकोकु मारू’च्या पाणतीरांजवळ बसला, आग भडकली, मोठा स्फोट झाला आणि ते अजस्र जहाज बुडालं. गोळे संपत आल्यावर ‘बेंगाल’ धुराचा पडदा सोडून बाजूला झाली आणि तिने दिएगो गार्सिया गाठलं. ‘ऑन्डिना’ बुडाली, असंच ‘बेंगाल’वरच्या सगळ्यांना वाटत होतं. ‘ऑन्डिना’चे कप्तान विलेम हॉर्समन मारले गेले होते, खलाशी होड्यांत उतरले होते आणि जहाजाला पाणतीरही लागले होते. पण टाक्या रिकाम्या असल्यामुळे ते तरंगत राहिलं. शत्रू निघून गेल्यावर खलाशी पुन्हा चढले, आग विझवली आणि 18 नोव्हेंबरला फ्रीमँटल बंदरात पोहोचले.

तो निर्णायक गोळा ‘बेंगाल’चा की ‘ऑन्डिना’चा, हा वाद आजही मिटलेला नाही. त्यात फार अडकू नये. ‘बेंगाल’ अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, 8 ऑगस्टला सेवेत आली होती आणि ऑस्ट्रेलियातून भारताकडे तिची ही पहिलीच सफर होती. नव्या जहाजावर, एकमेकांना नुकत्याच ओळखू लागलेल्या माणसांनी हे केलं, हीच यातली मोठी गोष्ट.

तिचा जन्मही गडबडीतच झाला. सिडनीच्या कॉकाटू बेटावरच्या गोदीत 28 मे 1942 रोजी ती पाण्यात उतरली आणि तिसऱ्याच रात्री जपानच्या तीन चिमुकल्या पाणबुड्या त्याच बंदरात घुसल्या. त्या रात्री तिची बहीण ‘एचएमआयएस बॉम्बे’ही तिथेच होती. ‘मद्रास’ आणि ‘पंजाब’ या आणखी दोघी धरून एकाच घडणीची चार जहाजं ऑस्ट्रेलियाने बांधली आणि रॉयल इंडियन नेव्हीच्या माणसांनी चालवली.

ही माणसं कोण होती? युद्धाआधी या नौदलाचे खलाशी मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान. पिढ्यान् पिढ्या समुद्रावर वावरलेली ही घराणी. 1939 मध्ये नौदलात दोन हजारही माणसं नव्हती. 1945 पर्यंत ती पंचवीस हजारांच्या वर गेली आणि पंजाबपासून मद्रासपर्यंतची पोरं त्यात आली. ‘कोकण’ नावाचा एक सुरुंगशोधकही युद्धात होता. आपल्या किनाऱ्याचं नाव लावून लढलेलं जहाज आपल्याच शाळांच्या पुस्तकांत सापडू नये, याची खंत वाटते.

सुरुंग काढण्याचं काम लढाईपेक्षा संथ आणि जिवावरचं. जहाज मागे लांबलचक पोलादी तार ओढतं. तिच्या टोकाला माशासारख्या आकाराचा तरंगता फ्लोट, पाण्याखाली तार बाजूला फाकवणाऱ्या पाट्या, मधे मधे कातऱ्या. तळाला नांगरलेल्या सुरुंगाचा दोर कातरीत आला की तुटतो, शिंगं असलेला गोळा उसळून वर येतो आणि डेकवरून बंदुकीने तो उडवतात. तार मागे असते, जहाज पुढे. म्हणून न झाडलेल्या पाण्यात पहिला शिरतो तो सुरुंगशोधकच.

मुंबईला याची किंमत आधीच कळलेली होती. फेब्रुवारी 1917 मध्ये ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने मुंबईबाहेर गुपचूप सुरुंग पेरले. ते जहाज केव्हाच दूर निघून गेलं, पण 23 जून रोजी, भर पावसाळ्यात, त्यातल्याच एका सुरुंगावर ‘मंगोलिया’ ही पी अँड ओ कंपनीची टपालबोट आदळून बुडाली.

‘बेंगाल’ स्वातंत्र्यानंतरही राहिली, 1950 पासून ‘आयएनएस’ हे नाव लावून, आणि 1960 मध्ये भंगारात गेली. पुढच्याच वर्षी गोवामुक्तीच्या मोहिमेत ‘कारवार’, ‘काकीनाडा’, ‘कण्णनूर’ आणि ‘बिमलीपटण’ हे नवे सुरुंगशोधक नौदलाबरोबर होते. नंतर सोव्हिएत बनावटीचे बारा आले आणि एकेक करून निवृत्त झाले. शेवटचा, ‘कोळिकोड’, 2019 मध्ये. तेव्हापासून आपल्या नौदलाच्या ताफ्यात या कामासाठी खास बांधलेलं जहाज उरलेलं नव्हतं.