दहशतवादविरोधी लष्करी कारवाई आणि युद्धाचे कायदे

स्वतः कोणताही नियम न पाळणाऱ्या दहशतवादी संघटनांशी लढताना सैनिकांवर युद्धाचे कायदे, म्हणजेच आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा, बंधनकारक असतो काय, हा आंतरराष्ट्रीय कायदा व लष्करी नीतिशास्त्र यांतील एक महत्त्वाचा वादविषय आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यांनंतर या वादाला विशेष धार आली. परंतु बंडखोर, गनिमी योद्धे व वसाहतींतील उठाव यांच्या संदर्भात तो त्यापूर्वीही होता. प्रश्नाचे कायदेशीर उत्तर आता बरेचसे निश्चित झाले आहे. मतभेद उरले आहेत ते मुख्यतः कोणत्या परिस्थितीला ‘युद्ध’ म्हणावे आणि लक्ष्य कोणाला करावे, याविषयी.

कायद्यातील तरतुदी

१२ ऑगस्ट १९४९ रोजी स्वीकारलेले चार जिनिव्हा करार प्रामुख्याने राष्ट्राराष्ट्रांतील युद्धांसाठी आहेत. मात्र चारही करारांत एक अनुच्छेद शब्दशः सारखा आहे. ‘सामाईक अनुच्छेद ३’ या नावाने ओळखला जाणारा हा अनुच्छेद ‘आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या नसलेल्या’ सशस्त्र संघर्षांना लागू होतो. लढाईत भाग न घेणाऱ्या, तसेच शस्त्रे खाली ठेवलेल्या, जखमी, आजारी किंवा पकडल्या गेलेल्या व्यक्तींना माणुसकीने वागवावे, असे तो सांगतो. हत्या, अवयवच्छेद, छळ, ओलीस ठेवणे, अप्रतिष्ठा करणारी वागणूक आणि रीतसर स्थापन झालेल्या न्यायालयाच्या निकालावाचून दिलेली शिक्षा या गोष्टी त्याने निषिद्ध ठरविल्या आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ च्या निकारागुआ खटल्यात या नियमांना सर्व सशस्त्र संघर्षांसाठीचा किमान मापदंड मानले.

या अनुच्छेदाच्या शेवटी एक वाक्य आहे, त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. अनुच्छेद लागू केल्याने संघर्षातील पक्षांच्या कायदेशीर दर्जात कोणताही फरक पडणार नाही, असे त्यात म्हटले आहे. बंडखोरांना माणुसकीने वागविले तर त्यांना मान्यता दिल्यासारखे होईल, ही सरकारांची भीती दूर करण्यासाठी ते वाक्य घालण्यात आले. दहशतवाद्याला नियमांचे संरक्षण देणे म्हणजे त्याला ‘सैनिक’ मानणे, हा आजही ऐकू येणारा आक्षेप त्यामुळे मुळातच टिकत नाही.

सैनिकाचा दर्जा वेगळ्या कसोट्यांवर ठरतो. राष्ट्राच्या नियमित सैन्यात नसलेल्या सशस्त्र गटांना युद्धकैद्याचा दर्जा मिळण्यासाठी जबाबदार प्रमुख, दुरून ओळखता येणारे ठरावीक चिन्ह, उघडपणे शस्त्र बाळगणे आणि युद्धाच्या नियमांचे पालन अशा चार अटी तिसऱ्या जिनिव्हा करारात आहेत. नागरिकांत मिसळून नागरिकांनाच मारणाऱ्या संघटना त्या पुऱ्या करीत नाहीत. परिणामी युद्धकैद्यावर केवळ तो लढला म्हणून खटला भरता येत नाही. पकडलेल्या दहशतवाद्यावर मात्र खून, कट व शस्त्र बाळगणे यांसाठी भरता येतो. कायदा त्याला सैनिकाचे विशेषाधिकार नाकारतो, पण माणूस म्हणून असलेले किमान संरक्षण काढून घेत नाही.

संघर्ष केव्हा ‘सशस्त्र संघर्ष’ ठरतो, याची प्रचलित कसोटी माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९५ साली टाडिच प्रकरणात सांगितली: सरकार व संघटित सशस्त्र गट यांच्यातील प्रदीर्घ सशस्त्र हिंसा. या मर्यादेखालील घटनांना देशाचा फौजदारी कायदा व मानवी हक्कांचे नियम लागू होतात. ते नियम बळाच्या वापराबाबत युद्धाच्या कायद्यांहून अधिक कडक आहेत.

परस्परतेचा आक्षेप

शत्रू नियम मोडतो, मग आपण का पाळावेत, हा सर्वांत जुना आणि सैनिकाच्या दृष्टीने सर्वांत स्वाभाविक प्रश्न होय. व्यापारी करारात एका पक्षाने अट मोडल्यास दुसरा मोकळा होतो. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराने (अनुच्छेद ६०) मानवतावादी करारांतील व्यक्तींच्या संरक्षणाच्या तरतुदी या नियमातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. हे संरक्षण समोरच्या संघटनेशी केलेला सौदा नसून व्यक्तीला दिलेले असते, अशी त्यामागील भूमिका आहे.

याचा अर्थ सैनिकाचे हात बांधलेले असतात असा नव्हे. लढणाऱ्या शत्रूला ठार मारण्यास युद्धाचा कायदा परवानगी देतो. नागरिकांची जीवितहानी होऊ शकेल असा हल्लाही, ती हानी अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने अवाजवी नसेल तर, निषिद्ध नसतो. खरी अडचण मानवी ढालींच्या वेळी येते. शाळेतून किंवा वस्तीतून गोळीबार करणारी संघटना स्वतः युद्धगुन्हा करते, पण त्यामुळे त्या वस्तीतील रहिवाशांचे संरक्षण संपत नाही. नियम पाळणाऱ्या बाजूला येथे तोटा होतो, ही टीकाकारांची तक्रार खोटी नाही. कायद्याने तो तोटा समजून-उमजून पत्करला आहे.

अमेरिकेचा अनुभव

७ फेब्रुवारी २००२ च्या आदेशात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सामाईक अनुच्छेद ३ अल-कायदा व तालिबानच्या कैद्यांना लागू होत नसल्याचे ठरविले. युक्तिवाद असा होता की, अल-कायदा हे राष्ट्र नसल्याने करारातील पक्ष नाही आणि संघर्ष अनेक देशांत पसरलेला असल्याने तो अनुच्छेद ३ मधील ‘आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा नसलेला’ संघर्षही नाही. अशा रीतीने हे कैदी दोन्ही नियमांच्या मधल्या पोकळीत पडले. त्यांना माणुसकीने वागवावे असे आदेशात म्हटले होते, पण जिनिव्हा करारांची तत्त्वे पाळण्याला लष्करी निकडीची मर्यादा घातली होती. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल स्वतः माजी सेनाप्रमुख होते. असे केल्याने अमेरिकेच्याच सैनिकांचे संरक्षण दुबळे होईल, असा इशारा त्यांनी आधीच दिला होता.

एप्रिल २००४ मध्ये इराकमधील अबू घरैब तुरुंगातील छळाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. नियमांविषयीच्या संदिग्धतेचा फटका खालच्या स्तरावरील सैनिकाला कसा बसतो, हे पुढच्या वर्षी दिसले. अफगाणिस्तान व इराकमध्ये सेवा बजावलेले कॅप्टन इयन फिशबॅक यांनी सिनेटर जॉन मॅकेन यांना पत्र लिहून, कैद्यांशी नेमके कसे वागावे याचे स्पष्ट निकष वरिष्ठांकडून १७ महिने प्रयत्न करूनही मिळाले नाहीत, असे कळविले. व्हिएतनाममध्ये युद्धकैदी असताना स्वतः छळ सोसलेल्या मॅकेन यांच्या पुढाकाराने २००५ साली क्रूर वागणुकीस बंदी घालणारा कायदा झाला. २९ जून २००६ रोजी हमदान विरुद्ध रम्सफेल्ड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला. राष्ट्राराष्ट्रांत नसलेला कोणताही संघर्ष ‘आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा नसलेला’च असतो, म्हणून सामाईक अनुच्छेद ३ अल-कायदाशी चाललेल्या संघर्षालाही लागू होतो, असे न्यायालयाने म्हटले. ती पोकळी अशा प्रकारे बुजली.

अल्जीरिया व इस्रायल

१९५७ मध्ये अल्जीअर्स शहरातील बॉम्बस्फोटांचे सत्र मोडून काढण्यासाठी फ्रेंच सैन्याने छळाचा सर्रास वापर केला. शहरातील जाळे उद्ध्वस्त झाले, तरी १९६२ मध्ये फ्रान्सला अल्जीरिया सोडावा लागला. जनरल जाक पारी द बोलार्दिएर यांनी या पद्धतींना विरोध करून आपल्याला पदमुक्त करण्याची मागणी केली. त्यांना ६० दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली चौकशीतील शारीरिक बळजबरी बेकायदेशीर ठरविली. बॉम्ब फुटण्याच्या बेतात असताना चौकशी अधिकाऱ्याने बळ वापरले, तर त्याच्यावरील खटल्यात ‘निकड’ हा बचाव त्याला मांडता येईल. परंतु अशा बचावातून आगाऊ परवानगी निर्माण होत नाही, असा भेद न्यायालयाने केला. दहशतवाद्यांना हेरून ठार करण्याच्या धोरणावर २००६ मध्ये निकाल देताना त्याच न्यायालयाने सरसकट बंदीही घातली नाही व सरसकट मुभाही दिली नाही. भक्कम माहिती, अटक शक्य नसणे, नागरिकांच्या हानीचे प्रमाण आणि कारवाईनंतर स्वतंत्र चौकशी या अटी त्याने घातल्या.

भारत

भारताने १९५० साली जिनिव्हा करारांना मान्यता दिली व त्यांच्या अंमलबजावणीसाठी १९६० चा कायदा केला. १९७७ च्या अतिरिक्त मसुद्यांत भारत सहभागी नाही. ईशान्य भारत व काश्मीरमधील लष्करी कारवाई युद्ध म्हणून नव्हे, तर नागरी प्रशासनाला साहाय्य म्हणून होते, अशी भारताची भूमिका आहे. सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा, १९५८ वैध ठरविताना सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘काय करावे व काय करू नये’ या लष्कराच्या सूचना बंधनकारक ठरविल्या. मणिपूरमधील १,५२८ मृत्यूंविषयीच्या याचिकेवर ८ जुलै २०१६ रोजी दिलेल्या निकालात, अशांत क्षेत्रातही सैनिकांना खटल्यापासून संपूर्ण अभय नाही आणि शत्रूविरुद्धही अतिरिक्त बळ वापरता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो उतरले, तरी प्रकरण फौजदारी कायद्यानेच चालले. दहांपैकी नऊ हल्लेखोर मारले गेले. अजमल कसाब याला गिरगाव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन जिवंत पकडून दिले. कट, प्रशिक्षण व समुद्रमार्ग यांची माहिती त्याच्याकडून मिळाली. आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात खटला चालून त्याला मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा सुनावण्यात आली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात ती अमलात आली. याच खटल्यातील दोन भारतीय सहआरोपींना विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी निर्दोष सोडले व तो निर्णय सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला.