कॅसेटवरची फुंकर

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरच्या खोक्यांतून काय निघेल याचा नेम नसतो. तांब्याचा जुना बंब निघतो, बिनकाट्याचे घड्याळ निघते आणि अलीकडे एक नवी 'जुनी' वस्तू निघू लागली आहे : तळहाताएवढी, पिवळ्या किंवा काळ्या प्लास्टिकची चपटी डबी, वर मारिओचे किंवा बंदूकधारी जवानांचे चित्र. इंग्रजीत तिला कार्ट्रिज म्हणतात. हिंगोली-वसमतकडची मुले तिला कॅसेटच म्हणत. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची ही कॅसेट आता बहुतेक घरांत भंगारवाल्याच्या पोत्यात जाते. 'चालत नाही' हे त्याचे कारण. माझा अनुभव असा की, त्यांतल्या बऱ्याच चालतात. फक्त त्या नीट पुसाव्या लागतात. आणि चुकीच्या पुसण्याने चालणारी कॅसेटही कायमची जाते, हे मी स्वतःच्या हाताने पाहिले आहे.

या कॅसेटचे मूळ जपानमध्ये आहे. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' हे यंत्र तेथे विक्रीस आणले. तैवान आणि चीनमध्ये त्याच्या नकला तयार झाल्या. नव्वदच्या दशकात समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी याच घराण्यातली यंत्रे आपल्याकडे पोहोचली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. शहराच्या दुकानातून कोणी एक यंत्र आणी आणि त्याच्या घरी गल्ली जमे. मी त्या काळी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवत होतो. शिक्षण बेताचे, विद्या सगळी बिघडलेल्या वस्तू उघडून मिळवलेली.

कॅसेट उघडली तर आत एक लहानसे सर्किट दिसते. स्वस्त नकलेत त्यावर लाखेच्या थेंबासारखा काळा ठिपका असतो, त्याखाली चिप. खेळ चिपमध्ये कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो, तो सहसा पुसला जात नाही. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५चा सबंध खेळ केवळ ४० किलोबाइटचा, म्हणजे आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही कितीतरी लहान. बिघडते ती चिप नव्हे, बिघडते ती कडा. त्या कडेवर एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३० अशा ६० पट्ट्या असतात. यंत्राच्या खाचेतले स्प्रिंगसारखे दात या पट्ट्यांना टेकतात, तेव्हा वीज आणि माहिती यांची ये-जा सुरू होते. काही पट्ट्या खेळाची आज्ञावली नेतात, काही चित्रे नेतात. म्हणून पडदा नुसता एकाच रंगाचा राहिला तर बहुधा आज्ञावलीची पट्टी टेकलेली नसते. खेळ चालू आहे, पण मारिओच्या जागी चौकोनांचा कचरा दिसतो, तेव्हा चित्रांची पट्टी टेकलेली नसते.

पट्टी मुळात तांब्याची. चांगल्या कॅसेटमध्ये तिच्यावर निकेल आणि सोन्याचा पातळ मुलामा असतो, स्वस्त नकलांत अनेकदा कथलाचा. पितळी पातेल्याला कल्हई का करतात हे आपल्या आया-आज्यांना सांगावे लागत नसे. कल्हई गेली की ताक कळकते. पट्टीचेही तसेच. मुलामा शाबूत असेपर्यंत तांबे सुरक्षित राहते; तो खरवडला गेला की दमट हवा तांब्याला धरते आणि वर काळपट किंवा हिरवट थर चढतो. या थरातून वीज नीट जात नाही.

आता फुंकरीकडे येऊ. कॅसेट चालली नाही की काढायची, जोरात फुंकायची आणि पुन्हा बसवायची, हा उपाय जपानपासून जवळा बाजारापर्यंत सगळ्या मुलांना कोणी न शिकवता येत होता. बऱ्याचदा तो लागूही पडे. पण गुण फुंकरीचा नव्हता. कॅसेट काढताना आणि बसवताना खाचेतले दात पट्ट्यांवर घासतात, तो थर थोडा खरवडला जातो आणि जोडणी जमते. नुसती काढून बसवली असती तरी चालली असती. फुंकरीने मात्र तोंडातली वाफ आणि थुंकीचे बारीक तुषार पट्टीवर बसतात, आणि त्यातले क्षार पुढे तांब्याला खातात. निन्टेंडोनेही पुढे ग्राहकांना फुंकू नका असे बजावले.

माझी चूक याहून मोठी होती. गल्लीतल्या एका मुलाने त्याची कॅसेट माझ्याकडे आणली. मी पट्ट्यांवर बारीक पॉलिश पेपर फिरवला. पट्ट्या आरशासारख्या चमकल्या, खेळ लागला, मुलगा नाचत घरी गेला. मी तांब्यावरची कल्हईच काढून टाकली होती. पावसाळा लागला आणि कॅसेट बंद पडली. त्याचे वडील विचारायला आले, तेव्हा 'पोराने आदळली असेल' असे मी सांगून टाकले. कॅसेट सुट्या भागांसाठी माझ्याकडेच राहिली.

आता योग्य रीत सांगतो. यंत्राचा वीजपुरवठा बंद करावा. कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडावी. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे, कान साफ करायच्या कापसाच्या काडीला लावावे; काडी ओली व्हावी, ठिबकू नये. पट्टीच्या लांबीच्या दिशेने, आतून कडेकडे पुसावे. आडवे घासू नये. काडी काळी होते, ती बदलावी, आणि नवी काडी पांढरीच राहीपर्यंत दोन्ही बाजू पुसाव्यात. डाग हटत नसेल तर मऊ पांढरे खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवावे आणि त्याचा भुगा पुन्हा अल्कोहोलने टिपून घ्यावा. पंधरा-वीस मिनिटे वाळू द्यावे, मगच लावून पाहावे.

पॉलिश पेपर, पितळ घासायची पावडर, शाईचे खरबरीत खोडरबर आणि रॉकेल वर्ज्य. कोरोनानंतर घरोघरी उरलेले सॅनिटायझरही नको. त्यात पाणी असते आणि बहुधा ग्लिसरीनही, त्याचा चिकट थर मागे राहतो.

अल्कोहोल फक्त पट्ट्यांना लावावे, लेबलला कधीही नाही. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि आपल्या कॅसेटवर बॉलपेननेच काहीतरी लिहिलेले असते : मालकाचे नाव, इयत्ता, भाड्याच्या दुकानाचा नंबर. छापील लेबलवर '९९९९ इन १' असले, तरी आत मोजकेच खेळ फिरवून फिरवून दिलेले असतात. कित्येकांची नावे आणि चित्रेही नकलाकारांनी बदललेली. कंपनीच्या यादीत असे खेळ सापडत नाहीत. आपल्या भागातली मुले प्रत्यक्षात काय खेळली, याचा कागद म्हणजे ही डबीच. वसमतच्या एका घरातली कॅसेट पुसताना माझी काडी काळीऐवजी पिवळी झाली. घरात हळदीची पोती असत. हळदीचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, अल्कोहोलमध्ये लगेच उतरतो. म्हणून पुसण्याआधी लेबलचा फोटो काढावा आणि कॅसेट कोणाच्या घरातून आली तेही लिहून ठेवावे.

त्या मुलाची कॅसेट मी गेल्या वर्षी पुन्हा काढली. पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. त्या साफ करून वर सोल्डरचा पातळ हात दिला, जास्तीचे टिपून घेतले. चौथ्या प्रयत्नात खेळ लागला. लेबलवर त्याचे नाव आणि 'सहावी ब' अजून वाचता येते. तो आता पुण्यात असतो. फोन करून खरे काय झाले होते ते सांगितले. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "काका, कॅसेट कोणती होती ते आठवत नाही. बाबांचा मार आठवतो." वडील आता नाहीत. दिवाळीला गावी येईन तेव्हा घेऊन जातो, म्हणाला. ती मी कोरड्या कापडात गुंडाळून ठेवली आहे.